वसईच्या घंटा आणि शिळा

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढील दोन शतकांत किल्ल्याच्या तटांआड एक संपन्न नगर वसले. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व जेझुइट संघांची चर्चे आणि मठ येथे उभे राहिले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पुढे वस्ती पांगली, छपरे कोसळली, भिंतींत पिंपळ रुजले.

घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकचे नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळील मेणवली येथे त्या आजही आहेत. आपल्या घंटा परक्या झाल्या, ही खंत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता वाटते, देवळांनी त्या वाजत्या ठेवल्या म्हणूनच त्या वाचल्या.

येथे राहिले त्याचे आम्ही काय केले? भग्नावशेषांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. नागासाकी येथे १५९७ साली हुतात्मा झालेले वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला किल्ल्यातील चर्चमध्ये मिस्सा होते. पण फ्रान्सिस्कन चर्चमधील थडग्यांच्या शिळांवरून आम्हीच चालतो. पायांखाली नावे झिजत आहेत. ती पुसण्यापूर्वी आमच्या मुलांना वाचून दाखवायला हवीत.