संगणकाची परिधीय उपकरणे
संगणकाच्या मुख्य भागाला बाहेरून जोडली जाणारी साधने. कीबोर्ड, माउस व स्कॅनर माहिती आत पाठवतात. मॉनिटर व प्रिंटर ती बाहेर देतात. पूर्वी जवळजवळ प्रत्येकाचे पोर्ट निराळे असे. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ संगणकांत कीबोर्ड व माउससाठी सारख्याच आकाराची गोल पोर्टे होती. गोंधळ टाळण्यासाठी पुढे कीबोर्डला जांभळा आणि माउसला हिरवा रंग ठरला. संगणक चालू असताना त्यांची काढघाल करणे जोखमीचे होते. १९९६ च्या यूएसबी मानकाने ही कटकट बरीचशी संपवली. एकाच केबलमधून विदा व ५ व्होल्टचा वीजपुरवठा मिळू लागला आणि उपकरण चालू संगणकालाही जोडता येऊ लागले. प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र अजूनही कधीकधी वेगळा बसवावा लागतो. आयताकृती यूएसबी प्लग हमखास उलटा धरला जाई. २०१४ चा टाइप-सी प्लग कसाही धरला तरी बसतो.