नारायणगावचा ओमर खय्याम

गेल्या शनिवारी कपाट आवरताना एक जाडजूड हिरवी बाटली सापडली आणि 2019 च्या मे महिन्यातलं भाचीचं लग्न आठवलं. तेव्हा गावाचं नाव अजून औरंगाबादच होतं, छत्रपती संभाजीनगर 2023 मध्ये झालं. लग्न बीड बायपासवरच्या एका लॉन्सवर, मे महिना, पारा चाळिशीच्या वर. आणि भाचीचं म्हणणं, "मामा, रिसेप्शनला ग्लासांचा मनोरा करायचा आणि वरून शॅम्पेन ओतायची."

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे आधी हिशेब केला. चौकोनी पायाचा पाच मजली मनोरा म्हणजे 25+16+9+4+1 = 55 ग्लास. 750 मिलिलिटरच्या बाटलीत साधारण सहा ग्लास होतात, म्हणजे दहा बाटल्या, सांडासांड वेगळी. पसरट ग्लासातून फेस भराभर उडतो, आणि ही वाईन प्यायची आठ-दहा अंश तापमानाला. त्या उकाड्यात खालच्या ग्लासापर्यंत पोचेतो नुसता द्राक्षाचा कोमट आंबट रस उरला असता.

पण खरी अडचण ही नव्हती. अडचण होती तात्या. माझे काका. जालन्याकडे द्राक्षबाग, गळ्यात माळ नाही पण थेंबालाही शिवलेले नाहीत. त्यांचे थोरले भाऊ, आमचे अण्णाकाका, दारूपायी 1994 साली गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. काकूंनी त्यानंतर घर कसं चालवलं ते सगळ्यांनी पाहिलंय. तात्या मला एवढंच म्हणाले, "द्राक्षं मी पिकवतो, पण त्याची दारू माझ्या नातीच्या लग्नात नको. तूच सांग तिला."

दोघांच्या मध्ये मी. अशा वेळी मी जे करतो तेच केलं, म्हणजे वाचत बसलो. :)

आणि सापडलं ते भन्नाट होतं. आपल्या दौलताबादेत चौदाव्या शतकात इब्न बतूता येऊन गेला, आणि इथे द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा फळतात असं त्याने लिहून ठेवलंय. मला ही प्रवाशाची थाप वाटली. तात्यांना सहज फोनवर सांितलं तर ते म्हणाले, "थाप कशाची? आपल्याकडे वेल झोपतच नाही. थंड मुलखात बर्फ पडला की वेल झोपतो, इथे आपणच छाटून त्याला वळण लावतो. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि माल एकदाच घ्यायचा. दोनदा घेतला तर वेल थकतो." सातशे वर्षांपूर्वीच्या मोरोक्कोच्या माणसाचं वाक्य आमच्या तात्यांनी अर्ध्या मिनिटात उलगडून दिलं. विकिपीडिया काय करणार?

आता शॅम्पेनकडे. दों पेरिन्यों नावाच्या ख्रिस्ती साधूने ती शोधली ही कथा सगळ्यांना माहीत असते. ती खोटी आहे. बुडबुडे म्हणजे त्या काळी बिघाड होता, आणि तो बिघाड टाळण्यासाठीच तो बिचारा धडपडत होता. 1662 मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ख्रिस्तोफर मेरेट याने वाईनमध्ये साखर घालून ती फसफसवण्याची रीत मांडली होती. इंग्रजांची काच कोळशाच्या भट्टीतली, म्हणून दणकट, तिला दाब सोसायचा. फ्रान्समध्ये तळघरात एक बाटली फुटली की शेजारच्याही फुटत, आणि कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे लावून वावरत. (त्याच काळात इकडे औरंगजेब तख्तावर होता.)

रीत ऐकायला सोपी आहे. तयार वाईन बाटलीत भरायची, लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालायचं, बूच घट्ट लावायचं. आत पुन्हा आंबवण होतं, वायूला पळायला जागा नसते, आणि दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो. गाडीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास तिप्पट! मग तळाशी मेलेल्या यीस्टचा गाळ बसतो, तो काढायचा कसा? नवरा 1805 मध्ये गेल्यावर धंदा हाती घेतलेल्या क्लिको बाईंच्या तळघरात ही युक्ती निघाली. भोकं पाडलेल्या फळीत बाटल्या उलट्या खोचायच्या, रोज थोड्या फिरवायच्या, गाळ बुचाशी उतरला की बूच उघडून दाबानेच तो बाहेर फेकू द्यायचा.

हीच रीत 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात आली. होय, तमाशाच्या राहुट्यांचं नारायणगाव! शाम चौगुले यांनी पायपर-हाइडसिकच्या तांत्रिक मदतीने तिथे कारखाना काढला आणि फेसाळ वाईनला नाव दिलं ओमर खय्याम. ती परदेशात निर्यात व्हायची. कंपनीचं नाव शॅम्पेन इंडेज. पण शॅम्पेन हे त्या फ्रेंच प्रांताचंच नाव, दुसऱ्यांनी ते वापरलेलं त्यांना खपत नाही. पुढे कंपनी इंडेज व्हिंटनर्स झाली, परदेशात वायनरीज विकत घेत सुटली आणि 2008 नंतर कर्जात बुडाली. मला या माणसांचं नेहमी वाईट वाटतं. पहिल्या वाटसरूला काटे, मागच्यांना रस्ता. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाईन नाशिकला 2000 मध्ये आली, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं, आणि 2013 मध्ये तर खुद्द फ्रान्सची शांदोन नाशिककडे येऊन फेसाळ वाईन करू लागली.

कायद्याची आणखी एक गंमत. मुंबई राज्यात 1950 मध्ये कडक दारूबंदी आली तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, जिथे आबकारी हे सरकारी उत्पन्नाचं मोठं साधन होतं. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात गेलो. म्हणजे सहा वर्षं पुण्याच्या लग्नात जे गुन्हा होतं ते औरंगाबादेत महसूल होतं! तो 1949 चा कायदा आजही आहे. लग्नात पाजायची तर उत्पादन शुल्क खात्याचा एका दिवसाचा परवाना काढावा लागतो.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. पटवायला नव्हे, ते पटणारे नव्हतेच. भाचीला अण्णाकाकांची गोष्ट सांगितली. तिला कुणी कधी पूर्ण सांगितलीच नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "लॉन्सवर नको."

रिसेप्शनला पन्हं आणि मठ्ठा. लग्नाच्या दुसऱ्या रात्री आमच्या गच्चीवर आम्ही अकरा जण, नाशिकच्या दोन बाटल्या, आजीचं तांब्याचं घंगाळ बर्फाने गच्च भरलेलं. मनोरा नाही. काकूही वर आल्या, एका कडेला खुर्चीत बसल्या. बूच मी हळूच, टॉवेल धरून काढलं, आवाज होऊ दिला नाही.

तात्या येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले. प्यायले नाहीत. लेबल वाचून म्हणाले, "शेनिन म्हणजे कुठलं रे?" मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की फेसाळ वाईनसाठी द्राक्षं साखर पूर्ण चढायच्या आधीच, आंबट असतानाच तोडतात. तात्या हसले. "आंबट? आमचा असला माल व्यापाऱ्याने गेटवरूनच परत पाठवला असता."

मग रिकामी बाटली हातात घेऊन त्यांनी तोलून पाहिली, बुडाच्या खोलगट खळग्यात अंगठा घातला. "केवढी जड आहे," म्हणाले. मी सहा वातावरणांचं सांगायला लागलो, तर काकू म्हणाल्या, "अरे, त्यांना जेवू दे आधी."