शैलीपत्रक : विकीच्या पानाचे रूप आणि त्याची साठवण

राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे जन्मगाव. मराठी विकिपीडियावर या गावाचा लेख उघडला की मजकुराबरोबरच अक्षरांचा आकार, मथळे आणि माहितीचौकटही पडद्यावर उमटते. हे रूप प्रामुख्याने शैलीपत्रकातून येते. मजकूर आणि रूप वेगळे ठेवण्याची ही पद्धत होकॉन व्यूम ली यांनी १९९४ मध्ये सुचवली. तिची पहिली प्रमाणित आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये आली.

व्यवस्थापन

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया 'मीडियाविकी' या मुक्त आज्ञावलीवर चालतो. तीत सर्व लेखांना लागू होणारे सामायिक शैलीपत्रक हेही एक विकीपानच असते. त्यातील प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि चुकलेला बदल उलटवता येतो. मात्र एका चुकीच्या ओळीने सगळीच पाने बिघडू शकतात. त्यामुळे २०१८ पासून विकिपीडियावर हे पान बदलण्याचा अधिकार मोजक्या 'इंटरफेस प्रशासकां'पुरता आहे. एखाद्या साच्यापुरती शैली लिहिण्याची किंवा सदस्याला स्वतःपुरते शैलीपत्रक ठेवण्याची सोय वेगळी आहे.

साठवण

दर वेळी मूळ सर्व्हरकडे धाव घ्यावी लागू नये म्हणून तयार प्रती वाटेतल्या सर्व्हरवर आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवल्या जातात. आशियातील वाचकांसाठी विकिमीडियाचे असे केंद्र २०१८ पासून सिंगापुरात आहे. २०११ मधील १.१७ या आवृत्तीपासून 'रिसोर्सलोडर' ही यंत्रणा अनेक शैलीपत्रके एकत्र करून, अनावश्यक मोकळ्या जागा गाळून पाठवते. सामायिक शैलीपत्रकाची साठवलेली प्रत साधारण पाच मिनिटांत बदलते. लेखाच्या पानाची प्रत मात्र कित्येक तास, प्रसंगी काही दिवसही टिकते.

खरी अडचण इथेच आहे. पान जुने आणि शैलीपत्रक नवे, अशी गाठ पडली की माहितीचौकट विस्कटते. म्हणून जाणकार आधी नवे नियम जोडतात, जुने काही काळ तसेच ठेवतात आणि जुन्या प्रती संपल्यावरच ते काढतात. 'कंट्रोल' व 'एफ५' या कळा एकत्र दाबल्याने फक्त स्वतःच्या ब्राउझरमधील प्रत ताजी होते. वाटेतल्या सर्व्हरवरील लेखाची प्रत बदलण्यासाठी विकीची 'पर्ज' ही क्रिया वापरावी लागते.