खाजन : समुद्राकडून मागून घेतलेली जमीन

चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड असतो. दोन होड्या एकमेकींना बांधून त्यावर बाप्पांना बसवतात, खाडीतून फिरवतात आणि दोन्ही काठांवर माणसांची दाटी होते. आम्हीही दरवर्षी त्या गर्दीत असतो. ज्या काठावर आपण उभे असतो तो काठ आणि त्याच्यामागची हिरवी भातशेतं, यातलं बरंचसं माणसाच्या हातांनी घडवलेलं आहे, हे मात्र आपल्या फारसं ध्यानात येत नाही.

आमच्याही ध्यानात ते आलं नव्हतं. गेल्या वर्षी मंडळाच्या सभेत एक विषय निघाला. मंडळाला स्वतःचं सभागृह हवं, ही मागणी जुनीच. एका मध्यस्थाने नदीकडची एक जागा दाखवली होती. भराव घालून रस्त्याच्या पातळीला आणलेली आणि बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त. बहुतेकांना ती पसंत पडली. तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी एवढंच विचारलं, "पावसात इथं पाणी उभं राहायचं, ते आम्ही पाहिलंय. आता ते पाणी कुणाच्या घरी जातं?" सभेत कुणालाच उत्तर देता आलं नाही. त्या उत्तराच्या शोधात आम्ही काहीजणांनी जे वाचलं आणि बांधांवरून चालून जे पाहिलं, ते इथं मांडत आहोत.

बांध, मानस आणि पोंय

मांडवी आणि झुवारी या नद्यांत भरतीचं पाणी कित्येक मैल आत येतं. कुंभारजुव्याची खाडी या दोन्ही नद्यांना जोडते. या पाण्याच्या काठची सखल जमीन मुळात कांदळवनांची, दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली जाणारी. बांध घालून ती लागवडीला आणली, तेच आपलं खाजन. पोर्तुगीज १५१० मध्ये इथं आले, त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून ही शेती चालू होती. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव ही बेटं, फोंड्यातलं दुर्भाट-आडपई, सासष्टीतली कुडतरी अशी खाजनांची गावं मोजायला बसलो तर निम्मा गोवा होईल. एकूण क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर मानलं जातं.

खाजनाची रचना समजून घेण्यासारखी आहे. नदीकडचा बांध चिखल, पेंढा आणि बांबू वापरून रचलेला असतो. पाण्याच्या अंगाला चिरे लावतात. शेतासाठी आतली कांदळं तोडली, पण बांधाबाहेरची राखली. लाटेचा जोर आधी त्यांच्या मुळांवर मोडतो, मग बांधाला लागतो.

बांधात एके ठिकाणी लाकडी दारांची मानस असते. ही दारं अशी बसवलेली असतात की भरतीचं पाणी दाराला बाहेरून दाबतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. मासळीसाठी थोडं पाणी आत घ्यायचं असेल तर दार मुद्दाम उघडं ठेवतात. किती वेळ, हे भाताची स्थिती पाहून ठरायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी, शेवटे, काळुंद्रे हाती लागत.

मानशीच्या आतल्या बाजूला सर्वांत खोल जागा असते ती पोंय. आम्हाला आधी वाटलं, ही नुसती मासे धरायची तळी. बांधावरच्या एका शेतकऱ्याने आमची समजूत दुरुस्त केली. भरपावसात आणि भरतीच्या वेळी मानशीचं दार मिटलेलं असतं. बाहेर नदी फुगलेली, आत डोंगरावरून पाणी उतरतं आहे. ओहोटी लागेपर्यंत त्या पाण्याने थांबायचं कुठं? पोंयीत, आणि तिच्या भोवतालच्या सखल शेतांत. म्हणजे खाजन हे शेत आहे, मासळीचं तळं आहे आणि गावाचं पावसाचं पाणी काही तास सांभाळणारी जागाही आहे.

जूनचा पहिला पाऊस मातीतला खार धुऊन नेतो. मग कोरगुटासारखं खार सोसणारं भात पेरतात. शेतात गोडं पाणी उभं राहिलं की जमिनीखालचं खारं पाणी वर यायला धजत नाही आणि काठावरच्या विहिरी गोड राहतात. पीक निघालं की कुठं मासळी, कुठं मिठागर. एकाच जमिनीचा वर्षभर वापर, आणि समुद्राशी कायमचं भांडण नाही.

सांभाळणारे हात

हे सगळं सांभाळत होती ती गावकारी. १५२६ मध्ये पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया याने गावकारीच्या रूढींची सनद लिहून काढली. नव्या सत्तेने सारा वसूल केला, गावकारीला कोमुनिदाद हे नाव दिलं, पण बांध राखण्याची जुनी व्यवस्था मोडली नाही. मानशीच्या मासळीची पावणी व्हायची आणि तिच्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी. रात्री-अपरात्री बांध फुटला की गावाने धावायचं, हा रिवाज.

हे सारं आदर्श होतं असंही नाही. गावकारीतले हक्क गावकरांच्या पुरुष वारसांचे. बांधावर चिखल वाहणाऱ्यांना मजुरी मिळे, सभेत बसायला जागा मिळत नसे. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालकी देऊ केली. तो न्यायच होता. पण शेत ज्याचं त्याचं झालं तरी बांध सर्वांचाच राहिला, आणि त्याची जबाबदारी नेमकी कुणी उचलायची यात ढिलाई आली. कुळांच्या संघटनांकडे काम गेलं. काहींनी ते नेटाने केलं, काही ठिकाणी मासळीची पावणी तेवढी नियमित होत राहिली. मासळीचा ठेकेदार दार जास्त वेळ उघडं ठेवतो, खारं पाणी शेतात मुरतं, भात जळतं, शेत पडीक राहतं. त्यातच खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी बांध खचल्याची तक्रार नदीकाठच्या गावांनी वर्षानुवर्षं केली. १९९० च्या दशकात कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांतून जातो म्हणून मोठं आंदोलन झालं. रूळ मात्र ठरल्या मार्गानेच गेले.

पडीक खाजनात आधी कांदळ परत येतो. त्याचंही मोल आहे, पक्षी-मासे तिथं वाढतात. खरा धोका पुढचा. 'इथं आता काही पिकत नाही' असं म्हणत लाल मातीचे ट्रक येतात.

भरावाचा धडा

भराव आपल्याला नवा नाही. १६३० च्या दशकात लिन्यारिशच्या काउंटने पणजी ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरचा पूल-रस्ता दलदलीतून नेला, पण खालून पाणी खेळावं म्हणून त्याला कमानी ठेवल्या. दोनशे वर्षांनी दों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रु या गव्हर्नरने पणजीची दलदल बुजवून शहर आखलं आणि १८४३ मध्ये ते अधिकृतपणे राजधानी झालं. आजही मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की पणजीच्या सखल रस्त्यांवर पाणी आपली जुनी जागा शोधत येतं.

मोठा धडा मुंबईचा. सात बेटांमधली वरळीजवळची खिंड गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात, १७८० च्या दशकात, बांध घालून बंद झाली. बांध पुनःपुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांना देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रातून मूर्ती काढल्या आणि मग बांध टिकला, अशी महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका आहे. पुढे बॅकबेचा भराव आला. १९२० च्या दशकात त्यातल्या उधळपट्टीवर वीर नरिमन तुटून पडले आणि नंतर त्याच भरावाच्या टोकाला त्यांचं नाव मिळालं. मुंबईतही पाणी सोडायला वरळीला झडपा ठेवल्या होत्या. पण झडपेच्या आत पाण्याने थांबायची जी सखल जागा होती, तीच हळूहळू बुजली. उत्तरेला मिठी नदीच्या मुखाची खाजणं आणि तिवरं गेली, तिथं कचेऱ्या उभ्या राहिल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसाने कुठलंही शहर बुडालं असतं हे खरं, पण मिठीकाठी ते पाणी ज्या घरांत शिरलं, तिथं एकेकाळी पाण्याचीच जागा होती.

ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला इथं मिळालं. मानस कितीही मजबूत केली, पंप कितीही मोठे बसवले, तरी पोंय बुजवली की पाणी शेजारच्या अंगणात जाणार. ज्याने भराव घातला तो उंचावर राहतो, ज्याने घातला नाही तो बुडतो.

२०११ च्या किनारी क्षेत्र अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांची स्वतंत्र नोंद आहे. त्यांचे नकाशे करावेत, तिथं बांधकामं होऊ देऊ नयेत, असं त्यात म्हटलं आहे. पण कागदावरचं खाजन बांधावर कुणी उभं असेल तरच वाचतं.

सभागृहाच्या जागेचा ठराव येत्या वार्षिक सभेत पुन्हा येणार आहे. "आपण नाही घेतली तर दुसरा घेईल," असं काही सभासद म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरीही आमचं मत, ती जागा घेऊ नये. सभागृहाला आणखी चार वर्षं लागली तर लागोत, तोवर शाळेच्या वर्गात कार्यक्रम करू. पायथ्याच्या वाड्यावरची पंधरा-वीस घरं आपल्या वर्गणीदारांच्या यादीत आहेत. त्यांच्या अंगणात पाणी ढकलून आपण मखर कुठल्या तोंडाने सजवणार?

आणि एक सूचना. यंदा सांगोड पाहायला जाल तेव्हा तासभर आधी निघा. ओहोटीची वेळ साधून मुलांना एखादी मानस दाखवा. पाण्याच्या दाबाने दार कसं आपोआप उघडतं, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं. बाप्पा ज्या पाण्यात जातात, ते पाणी पुढं कुठं जातं, हेही त्यांना कळेल.