उत्तनपासून दूर, समुद्राच्या तळाखाली

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस पकडा आणि किनाऱ्याजवळ उतरा. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात भरला की डोळे मिटा. उघडाल तेव्हा साल असेल 1965, जमीन कुठेच दिसणार नाही आणि पायाखाली ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ हे रशियन जहाज डोलत असेल.

कठडा धरा, घट्ट! लोखंड तव्यासारखं तापलंय. डिझेलचा धूर घशाशी येतो, पोट ढवळतं. मागे लांबच लांब केबल पाण्यातून ओढली जातेय, तिच्यात पाण्यातला बारीकसा आवाजही टिपणारी यंत्रं आहेत. कुणी रशियनमध्ये ओरडतोय, कुणी हिंदीत. मग अचानक सगळे गप्प. पाण्याखाली स्फोट होतो. तो आधी तळपायांना कळतो, कानांना नंतर.

चला आत. खोलीत खांद्याला खांदा लागतोय, पंखा गरम हवाच फिरवतोय, फोटो धुण्याच्या रसायनाचा उग्र दर्प. ओला कागद हातात घ्या. त्यावरच्या थरथरत्या रेघांतला पहिला हिसका समुद्रतळाचा. पाणी पाऊणशे मीटर खोल, म्हणून आवाज एक दशांश सेकंदात जाऊन परत आला. मागोमाग गाळाचे थर, चुनखडी, आणि त्याखालचा जुना कठीण पाया. सह्याद्रीचा काळा पत्थर इथे समुद्राखालीही पसरलाय, बरं का! पृथ्वीच्या कवचाचा तळ त्याहून कितीतरी खोल. तिथला प्रतिध्वनी यायला दहाएक सेकंद लागतात. तो नीट ऐकायचा तर यंत्रं फार दूरवर मांडावी लागतात.

घाम पुसा आणि पट्टी लावा. इथे थरांचा प्रतिध्वनी लवकर आलाय. जहाजाच्या शेजारच्या फेरीच्या रेषेवरही तसंच. म्हणजे खालचे थर वर उचललेले आहेत. खालून वर सरकणारं तेल अडतं ते अशाच उंचवट्यात.

हाच उंचवटा पुढे बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र ठरला. ते नाव घेतलं की लोकांना तेलविहीर खोदणारं ‘सागर सम्राट’ जहाज आठवतं, 1974 साली लागलेलं तेल आठवतं. ते आठवावंच. पण त्या विहिरीआधी 1972-73मध्ये बारकाईनं नकाशे झाले, आणि त्याच्याही आधी या कोंदट खोलीत माणसं डोळे ताणून रेघा मोजत बसली होती. माझा जीव त्यांच्यात अडकतो.

पेन्सिल ठेवू नका खाली. जहाज वळतंय. कागदाच्या कोपऱ्यात वेळ आणि रेषेचा क्रमांक लिहा, पुढचा स्फोट होतोच आहे.