मेनिंजिओमा: आईला बिलगलेली गाठ

मेंदूभोवती तीन आवरणं असतात. सर्वांत बाहेरच्या जाड आवरणाचं नाव 'ड्यूरा मेटर', म्हणजे कठीण आई. आवरणाला आई म्हणण्याची रीत अरबी. वस्तूंचं परस्परांशी नातं सांगायला अरबी भाषा आई, बाप, मुलगा असे शब्द वापरते. अरबी वैद्यकग्रंथांतली ही 'उम्म' बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरांत जशीच्या तशी उतरली. मधलं आवरण कोळ्याच्या जाळ्यासारखं, म्हणून ते 'अरॅक्नॉइड'. त्याच्या पेशींतून उगवून ड्यूराला बिलगणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा. ती बहुधा कॅन्सरची नसते. वर्षानुवर्षं सावकाश वाढते आणि मेंदूला बाहेरून दाबत राहते.

गाठ जुनी, नाव मात्र नवं. १६१४ साली बाझेलच्या फेलिक्स प्लाटर यांनी हळूहळू बुद्धी हरवत गेलेल्या एका सरदाराची हकिकत छापली. मृत्यूनंतर त्याच्या कवटीत सफरचंदाएवढी, स्वतःचं वेष्टण असलेली, मेंदूपासून सुटी गाठ सापडली होती. पुढे १७७४ मध्ये फ्रान्सच्या आंत्वान लुई यांना अशा गाठी अळंबीसारख्या वाटल्या. जर्मनीच्या फिर्शो यांना त्यांत वाळूसारखे कण दिसले, म्हणून त्यांनी ग्रीक शब्दावरून 'साम्मोमा' म्हटलं. ज्याला जे दिसलं, ते त्याने नाव ठेवलं. गाठ कोणत्या पेशींची, हा वाद मिटेना.

अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये हा वाद बाजूला ठेवला. गाठ मेनिंजेसची, म्हणजे मेंदूच्या आवरणांची, एवढं तर नक्की होतं. म्हणून 'मेनिंजिओमा'. नावात गाठीचा पत्ताच आला. १९१० मध्ये त्यांनी जनरल लेनर्ड वुड यांची अशी गाठ काढली होती. वुड पुढे फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल झाले. पण गाठ परतली आणि १९२७ मध्ये, पुन्हा शस्त्रक्रिया झाल्यावर, ते गेले.

गाठ का परतते, याचा हिशेब १९५७ मध्ये डोनाल्ड सिम्प्सन यांनी मांडला. चिकटलेला ड्यूरा आणि बाधित हाडही काढलं, तर ती परतण्याचा धोका सर्वांत कमी. मूळ मागे राहिलं, तर तो वाढत जातो.

आज लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर ठरावीक काळाने एमआरआय करून नुसती नजर ठेवतात. वाढणारी गाठ काढतात. नस किंवा मोठी रक्तवाहिनी वेढून बसलेल्या गाठीचा काही भाग मुद्दाम ठेवून त्यावर किरणोपचार करतात. यांतलं काय करायचं, हे ठरवताना डॉक्टर आधी पाहतात ती गाठीची जागा. कुशिंगनी नावात नेमकी तीच गोवून ठेवली आहे.