ड्रायव्हिंग स्कूल काढायचंय? कर्जाआधी कागद बघा

अर्धापूर : केळीच्या गाड्या चालवून हात बसलेले बरेच जण गावातल्या पोरांना गाडी शिकवतात. पण पैसे घेऊन शिकवायचं तर आरटीओचा परवाना लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम २४ प्रमाणे शिकवणारा दहावी पास हवा, गाडी चालवण्याचा ५ वर्षांचा अनुभव आणि आयटीआयसारख्या सरकारी संस्थेचं मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्रही हवं. गाडी स्वतःची, शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असलेली. नमुना १२ चा अर्ज नांदेडला आरटीओ कार्यालयात करायचा. परवाना ५ वर्षं चालतो.

परवाना नसेल तर शिकणाऱ्याला नमुना ५ चं प्रमाणपत्र देता येत नाही. ट्रक-बसच्या लायसनला ते लागतंच. म्हणून आधी आयटीआय करा, गाडीचं कर्ज मागून काढा.